हजारी, चिमणी आणि सौ.

४ जानेवारी, शनिवार

आली! आली आली आली!

मेहुणा सकाळी स्वतः माझ्या घड्याळांच्या दुकानापाशी सोडून गेला. सौ.चा हा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनिअर आहे. परवा त्याची बोट सुटते, ती थेट पुढच्या हिवाळ्यात परत. 'भाओजी, नुसती उभी राहिली तर सडेल. तुम्ही चालवा. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.' मी वरवर 'अरे कशाला, अरे कशाला' केलं. आतून नुसती कारंजी!

हजार सीसीची स्पोर्ट बाइक. चार सिलिंडर. मागचा टायर केवढा, त्याच्यावर पाट ठेवून जेवायला बसावं! समोरचा न्हावी दाढी अर्धी टाकून बघायला आला. मागोमाग गिऱ्हाईकही, फेसासकट.

आई वरच्या खिडकीतून: 'ही गाडी आहे की चिडलेला नाकतोडा?'

माझी जुनी तीनशेची गाडी तिच्या शेजारी अगदी चिमणी दिसायला लागली. ठरलं मग. ती चिमणी, ही हजारी.

सौ.नेही पाहिली. म्हणाली, 'छान आहे. येताना दूध आण.' लेक शिकायला बाहेरगावी गेल्यापासून आमचं बोलणं एवढंच. दूध, किल्ल्या, गॅसवाला आला का. भांडण वगैरे काही नाही. विषयच नाहीत.

५ जानेवारी, रविवार

चालवली.

कसं लिहू? चिमणीची मूठ पिळली की ती आधी ऐकून घेते, घसा खाकरते, मग निघते. हजारीची मूठ पिळावी लागतच नाही. नुसतं मनात आणायचं. चिमणीचा चौथा गिअर जिथे धापा टाकतो तिथे हजारीचा पहिला अजून आळस देतोय! मोकळ्या रस्त्यावर दुसरा टाकला आणि कडेची झाडं विरघळली. पोट मागेच राहिलं, ते पुढच्या पुलापाशी येऊन भेटलं.

परत आल्यावर जिन्यात बसून एकटाच हसत होतो. आईने वरून विचारलं, 'पडलास का डोक्यावर?'

नाही गं. चव्वेचाळीस वर्षांनी उभा राहिलोय.

८ जानेवारी, बुधवार

गावातल्या गर्दीतली हजारी — शत्रूलाही देऊ नये. सिग्नलला थांबलं की दोन्ही मांड्यांना इस्त्री. अंगाचा सगळा भार मनगटांवर. दुकानात चिमटा धरवेना, एका बायकी घड्याळाचा स्क्रू निसटला तो गुडघ्यांवर बसून शोधला. सगळी ताकद कोंडलेली. मूठ जराशी हलली की पुढच्याच्या डिकीत शिरतो की काय असं वाटतं. म्हणून मी आपला क्लच दाबून, जीव मुठीत धरून, रांगतोय. एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून सहज पुढे निघून गेले. मान वळवून पाहिलंही नाही!

तरी काय झालं. खुशीत आहे.

११ जानेवारी, शनिवार

सौ.ची स्कूटर बिघडली म्हणून ती चिमणी घेऊन तलावावर गेली. पोहायला शिकवते ती, सकाळच्या दोन तुकड्या. कॉलेजात असताना भावाची मोटरसायकल चालवायची, हे मला माहीत होतं. पण विसरलो होतो.

यायला उशीर. आली ती गाल लाल, केस विस्कटलेले. किल्ली ठेवताना म्हणाली, 'लांबच्या घाटाने आले. काय गोड गाडी आहे रे ही! आणि तू हिला इतकी वर्षं भाजी आणायला वापरलीस?'

दुधाचा विषय निघाला नाही.

१२ जानेवारी, रविवार

ट्रॅकवर गेलो! गावाबाहेर रेसचा जुना ट्रॅक आहे. निवृत्त झालेले एक रेसर तिथे दर रविवारी सराव घेतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. एक पाय किंचित आखूड, आवाज मात्र भोंग्याचा. हजारी बघून म्हणाले, 'घड्याळवाले, घड्याळात बॉम्ब बसवलात की!'

सौ. 'मी पण येते' म्हणाली आणि चिमणीवर आली. मला वाटलं, सावलीत बसून कलिंगड खाईल. कुठलं! लेदरचा सूट भाड्याने घेतला, हेल्मेट चढवलं, निघाली.

सरळ पट्टीवर मी तिला असं मागे टाकलं, असं मागे टाकलं की आरशात ठिपका (आरसे काढून ठेवायला लावतात, पण असते तर ठिपकाच). मग वळण आलं. मी ब्रेक मारतोय, अजून मारतोय, गाडी थांबायचं नाव घेईना, मग एकदम फारच थांबली. सायकलच्या वेगाने वळलो. वळून बघतो तर आतल्या बाजूने काहीतरी भुर्रकन गेलं.

सौ.!

चिमणी पूर्ण आडवी, आणि ती तिच्यावर पाण्यातल्या माशासारखी. पुढच्या पट्टीवर मी तिला परत गाठलं. पुढच्या वळणावर तिने मला. दुपारभर हेच चाललं! दातांचा एक डॉक्टर आला होता, त्याच्याकडेही हजारचीच गाडी, नवीकोरी. तो मला म्हणाला, 'वहिनींचं खेळणं बरंय हो, गुरगुरतं छान.' तिने पुढच्याच फेरीत त्याला बाहेरच्या बाजूने घेतलं. बाहेरच्या!

घरी येताना पेट्रोल भरायला थांबलो तर ती अखंड बोलत होती. हातवारे करून. मी नुसता बघत राहिलो.

१५ जानेवारी, बुधवार

जेवताना तिला विचारलं, तू वळणावर इतकी वेगात कशी जातेस. तिने ताटातली भेंडी घेऊन ट्रॅक मांडला. 'हे बघ, चिमणीत जोर नाही. एकदा वेग घालवला तर परत कमवायला अख्खी पट्टी जाते. म्हणून मी घालवतच नाही. तुला काय, घालवलास तरी मूठ पिळली की हजर. म्हणून तू उधळतोस.'

आई: 'भेंडी खा आधी.'

१९ जानेवारी, रविवार

मास्तरांनी माझ्या पाच फेऱ्या पाहिल्या. मग कठड्यावर शेजारी येऊन बसले.

'मूठ पूर्ण किती वेळा पिळलीत?'

'एकदा. पट्टीवर. बहुतेक दीड सेकंद.'

'आणि ती? प्रत्येक फेरीत, निम्म्याहून जास्त वेळ. तुमचं इंजिन तिच्या तिप्पट, पण वापरताय पाव. उरलेलं पाऊण तुम्हाला भीती घालायला.'

अपमान वाटायला हवा होता. हसूच आलं, इतकं बरोबर होतं ते! हजारीवर मी गाडी चालवत नाही. तिची समजूत काढत असतो. दिवसभर, दोन्ही हातांनी. बाई, आत्ता नको. बाई, वळण संपू दे. मग एकदा 'हं, आता' म्हणतो आणि ती मला क्षितिजावर फेकून देते. तो एक क्षण मात्र — काय सांगू! त्या एका क्षणासाठी माणूस घरदार विकेल. (लिहिलं. खोडत नाही.)

२२ जानेवारी, बुधवार

सौ.ला संध्याकाळी हजारी दिली. मोकळ्या रस्त्यावर एक फेरी. परत आली, स्टँड लावला, हेल्मेट काढलं. मग म्हणाली, 'बाप रे.' आणि माझा दंड धरून अशी हसत सुटली की दोघांना उभं राहवेना. 'अरे ही गाडी नाही, कुणीतरी मागून ढकलून दिल्यासारखं वाटतं! मी काहीच केलं नाही! सगळं तिनेच केलं!'

'आवडली?'

'आवडली. पण मला काहीतरी करायला आवडतं रे.'

न्हावी दुकानाच्या दारातून बघत होता. बघू दे.

२६ जानेवारी, रविवार

आज वाचलो.

सरळ पट्टी. दातवाला पुढे होता. म्हटलं, आज हा ब्रेक मारेल त्याच्यानंतर मी मारीन. मारला. पण हजारीवर 'नंतर' म्हणजे काय हे मला कळलंच नव्हतं. चिमणीवर जरा उशीर झाला तर एक-दोन गाड्यांएवढं अंतर जातं. हजारीवर तेवढ्याच उशिरात अख्खी गल्ली! वळण आलं आणि गेलं. मी सरळ. खडीत. मागचं चाक नागासारखं वळवळतंय, समोर टायरांची भिंत मोठी होत चालली आहे, आणि डोक्यात एकच — मेहुण्याची गाडी, मेहुण्याची गाडी, मेहुण्याची गाडी.

थांबली. उभीच्या उभी. पुढचं चाक भिंतीला टेकलं होतं, हळूच, गाईने वासराला नाक लावावं तसं.

ओरखडा नाही! एक नाही!

सौ. ट्रॅकच्या कडेला चिमणी सोडून खडीतून धावत आली. बूट, हेल्मेट, सगळ्यासकट. मला वाटलं, ओरडणार. तिने माझ्या हेल्मेटवर दोन्ही हात ठेवले आणि काचेतून आत पाहिलं. 'आहेस ना?'

'आहे.'

मग ओरडली. मास्तरांच्या भोंग्यापेक्षा मोठ्याने. मी खडीत बसून ऐकत होतो आणि मला इतकं छान वाटत होतं की सांगता येत नाही. बऱ्याच वर्षांत माझ्यावर कुणी एवढं ओरडलं नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

हजारीवर चादर घातली. थोडे दिवस.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मी चिमणीवर. माझीच गाडी, इतकी वर्षं माझ्याच दारात, आणि मला तिची ओळख आज झाली!

पट्टीवर मूठ पूर्ण पिळली. पूर्ण! आणि तशीच धरून ठेवली. अंग टाकीला चिकटवून, हनुवटी खाली, कोपरं आत, गिअर बदलतोय, अजून बदलतोय, सुई लाल रेघेला धडका देतेय. वेग किती? हजारीवर एवढ्या वेगात जांभई येईल. पण इथे सगळा मीच! वळणाच्या आधी ब्रेक जेमतेम शिवला, टाकली आडवी, आणि ती गेली. वळण संपायच्या आधीच परत मूठ पूर्ण. हजारीवर हे केलं तर सरळ आकाशात. चिमणी म्हणते, कर की.

हेल्मेटच्या आत ओरडत होतो. गाणी म्हणत होतो. एका वळणावर सूटच्या गुडघ्यावरची प्लास्टिकची ढाल जमिनीला घासली — खर्रर्र! आयुष्यात पहिल्यांदा. ती काढून दुकानात टेबलावर मांडली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय. सांगतो. नको इतकं सांगतो.

९ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांनी आपल्या सरावाची सहाशे सीसीची गाडी काढली. 'मधली बहीण पण भेटून घ्या.'

वेडी आहे ती! खाली काही नाही. अगदी काही नाही, चिमणीहून सुस्त. तुम्ही वैतागून मूठ पिळत जाता, सुई अर्ध्याच्या वर चढते, आणि मग एकदम कुणीतरी दार लाथेने उघडतं. किंकाळी! असा आवाज की अंगावर काटा. पण तो काटा टिकवायचा तर सारखे गिअर बदलत राहायचं, सुई खाली पडू द्यायची नाही, नाहीतर परत मेणबत्ती. सौ. तिच्यावरून उतरली तेव्हा डोळे असे चमकत होते! 'ही भांडखोर आहे,' म्हणाली. 'मला चालेल.'

जाताना मास्तर तिला म्हणाले, 'ताई, तुम्ही उशिरा आलात हो. पण आलात ते बरं.'

परतताना मी काहीतरी विनोद केला. ती इतकी हसली की पाणी नाकातून आलं. लग्नाआधी अशी हसायची. मी लग्न केलं ते त्या हसण्याशी, खरं म्हणजे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रॅकवर दोन तासांची शर्यत आहे. एक गाडी, दोन चालक, आळीपाळीने चालवायची. इंजिन कितीही सीसीचं चालेल. संघ कुणाच्या नावावर नोंदवला आम्ही? आईच्या! संघप्रमुख म्हणून. विचारलंसुद्धा नाही तिला.

मग वाद. मी म्हटलं, हजारी. पुन्हा कधी अशी संधी! सौ. म्हणाली, चिमणी. 'दोन तास तू हजारीवर? तुझी मनगटं अर्ध्या तासात रडतील. आणि ती पेट्रोल पिते किती. हजारवाल्यांना मध्ये पेट्रोलला थांबावं लागेल, आपल्याला नाही.' मी रुसलो. रीतसर रुसलो, भांडी आपटून वगैरे. संध्याकाळी तिने खिडकीतून हाक मारली, 'ये, तेल बदलायचंय.' गेलो. दोघं अंगणात पालथे पडून चिमणीचं तेल बदललं. माझ्या नाकाला काळं लागलं, ते तिने पुसलं आणि जास्त पसरलं.

चिमणी, तर मग.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईला सांगितलं. ती: 'संघप्रमुखाला जेवण मिळतं का?'

१ मार्च, शनिवार

उद्या. गिऱ्हाइकाचं घड्याळ उलटं बसवून दिलं. न्हाव्याने लक्षात आणून दिलं.

२ मार्च, रविवार

बसून लिहिता येत नाही, पालथा पडून लिहितोय. बसायची जागाच शिल्लक नाही.

पहिला डाव सौ.चा. झेंडा पडला आणि मोठ्या गाड्या अशा गेल्या की आमची चिमणी उभी आहे असं वाटलं. पहिल्या वळणापर्यंत शेवटून दुसरी. दातवाला हात हलवून गेला. मी कठड्याला धरून उभा. आई शेजारी खुर्चीवर, मांडीवर पाटी. चालकाला निरोप दाखवायची पाटी संघप्रमुखाकडे असते, तसा नियम आहे. तिने खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हळू'. सौ. दर फेरीला समोरून जायची, आई उभी राहून दाखवायची. हळू. हळू. हळू. आणि सौ. दर फेरीला आणखी जोरात!

मग माझा डाव. गाडीवर बसलो आणि सगळं शांत झालं. फक्त इंजिनाचा आवाज आणि पुढचं वळण. पट्टीवर मला सगळे खाऊन टाकायचे. वळणांवर मी त्यांना. हजारवाले पुढून जाताना त्यांच्या मागे चिकटायचो. त्यांच्या आडोशाला वारा लागत नाही, चिमणी फुकटात पळते! पाऊण तासाने दिसायला लागलं. मोठे थकले. मान गळालेली, ब्रेक लवकर. एकेक जण पेट्रोलला आत वळला. आमची टाकी अजून खुळखुळत होती.

शेवटचा डाव परत सौ.चा. मी आईजवळ येऊन पडलो. एकेक करून माणसं मागे पडत होती. शेवटच्या चार फेऱ्या उरल्या तेव्हा आमच्या पुढे सहा गाड्या, आणि सहावी दातवाल्याची. तो पट्टीवर पळायचा, ती वळणावर गाठायची, तो परत पळायचा. आणि आई — पंच्याहत्तरीची माझी आई — उठली, पदराने पाटी पुसली आणि लिहिलं: 'पळ!' उद्गारचिन्ह एवढं मोठं की 'ळ' बाहेर गेला.

सौ.ने ते वाचलं. वाचलंच! हेल्मेट हललं.

शेवटचं वळण. दातवाला घाबरून लवकर थांबला. ती नाही थांबली. आतून शिरली, बाहेर आली, मूठ पूर्ण, टाकीवर पालथी. तो मागून गर्जत येतोय, येतोय, शेजारी आला — रेघ!

चिमणीचं नाक पुढे. वीतभर.

सहावे! एकोणीस संघांत सहावे! चषक वगैरे काही नाही, सहाव्याला टाळ्यासुद्धा मिळत नाहीत. पण आम्ही तिघं त्या कठड्यापाशी असे नाचलो की मास्तर बाजूला होऊन डोळे पुसत होते. दातवाला आला, हात पुढे केला. 'वहिनी, ते खेळणं कुठे मिळतं हो?' भला माणूस आहे. उगाच बोलत होतो मी त्याला.

घरी येताना सौ. माझ्या मागे बसली होती. चिमणीवर दोघं, मागची सीट म्हणजे पोस्टाचं तिकीट. आई मास्तरांच्या गाडीतून. सगळ्या रस्त्याने सौ.ने हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली होती.

३ मार्च, सोमवार

दुकान बंद. दोघांनाही चालता येत नाही. पलंगावर पडून छताला बघत परत पहिल्या फेरीपासून सगळी शर्यत बोलून काढली. चहा आईने आणून दिला, दोनदा. दुसऱ्यांदा म्हणाली, 'दार लोटून घेते.'

वा, आई.

६ मार्च, गुरुवार

मास्तरांचा फोन आला. सौ.साठी. परदेशात हौशी बायकांची शर्यतमालिका आहे. सगळ्यांना एकच गाडी, तीनशेची. एक मुलगी जखमी झाली, जागा रिकामी आहे, मास्तरांनी रविवारचं चित्रण पाठवलं होतं. आयोजकांना ती हवी आहे. अख्खा मोसम. हिवाळ्यापर्यंत. पुढच्या बुधवारी निघायचं.

तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा. 'मी नाही म्हणते,' ती हळूच म्हणाली. 'आत्ता कुठे आपण...'

वाक्य तिने पुरं केलं नाही. मला कळलं.

'हो म्हण!' मी ओरडलो. 'अगं बघतेस काय, हो म्हण!'

ती 'हो' म्हणाली. मग माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली, हसली, परत रडली. मीही. आता ती आत लेकीला फोनवर सांगते आहे. तिचा आवाज इथपर्यंत येतोय. मी इथे बसून नुसता ऐकतोय, एकही शब्द सुटू नये म्हणून.